कुत्र्याला समुद्रावर नेताना आधी तिथी पाहा

नाशिकहून समुद्र वाटतो तितका लांब नाही. त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार असा रस्ता धरला की साधारण दीडशे किलोमीटरवर डहाणू येते. तिथून उत्तरेला बोर्डी, दक्षिणेला केळवे. पहाटे निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोहोचते. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या शनिवार-रविवारी घरच्या कुत्र्यालाही सोबत न्यावे, असा विचार आता बऱ्याच घरांत होतो. त्याला मागे कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न मिटतो आणि मुलांचा आनंदही दुप्पट होतो.

विचार चांगलाच आहे. मात्र आपण सहसा आधी सुट्टीची तारीख धरतो, मग खोली घेतो आणि सगळ्यात शेवटी कुत्र्याचे काय ते पाहतो. हा क्रम उलटा करायला हवा. किनाऱ्यावर कुत्र्याचा दिवस दोनच गोष्टींवर चालतो: पाणी कधी ओसरते आणि ऊन कधी उतरते. या दोन्ही वेळा जुळतील असे दिवस आधी शोधले, तर बाकीची तयारी सोपी होते.

नाशिकचा कुत्रा, किनाऱ्याची हवा

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे आणि पावसाळा हे महिने कुत्र्यासाठी सोडूनच द्या. उन्हाळ्यात वाळू तापते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती असते.

थंडीच्या दिवसांतही एक फरक लक्षात ठेवावा लागतो. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो आणि हवा कोरडी असते. किनाऱ्यावर त्याच दिवसांत दुपारी तीस अंशांच्या आसपास तापमान आणि हवेत भरपूर दमटपणा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापताना जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जातो, त्यावर त्याचे शरीर गार होते. हवाच दमट असली की हा ओलावा उडायला वेळ लागतो. गंगापूर रोडवर तासभर आरामात पळणारा कुत्रा बोर्डीच्या किनाऱ्यावर वीस मिनिटांत दमतो, त्याचे कारण हे आहे. शिवाय त्याच्या अंगावर थंडीसाठी वाढलेली दाट लव असते. म्हणून पहिल्या दिवशी त्याला फार पळवू नका. संध्याकाळी थोडे चालवा, रात्री आराम द्या. खेळ दुसऱ्या दिवसापासून.

पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच आखूड आणि अरुंद असतो. हस्की, सेंट बर्नार्ड यांची लव बर्फाळ प्रदेशासाठी आहे. या जातींचे, म्हातारे, लठ्ठ किंवा हृदयविकार असलेले कुत्रे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. ते नको म्हणाले तर त्याला ओळखीच्या माणसाजवळ घरीच ठेवा. तेही त्याच्यावरचे प्रेमच आहे.

तिथीचा हिशेब

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. डहाणूसारख्या उत्तरेच्या किनाऱ्यावर भरती आणखी थोडी उशिरा येते. तेव्हा सहल ठरवायला हा हिशेब घ्या, पण त्या दिवशीची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा किंवा गावात विचारा.

आता हे कुत्र्याच्या दिनक्रमाशी जोडून पाहा. त्याला फिरवण्याच्या वेळा दोन: सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा. अष्टमी-नवमीला नेमक्या याच वेळी पाणी वर असते. चालायला मऊ, कोरड्या वाळूची अरुंद पट्टी उरते आणि तिथेच सगळी गर्दी एकवटते. ओल्या वाळूचा मोकळा किनारा मिळतो तो भर दुपारी, जेव्हा कुत्र्याला बाहेर काढायचेच नसते. याउलट प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत दुपारी पाऊण ते सव्वादोनच्या सुमारास भरती होऊन पाणी उतरू लागते. संध्याकाळी पाचला ते उतरत असते. सकाळीही सात-आठपर्यंत ओहोटीच चालू असते. दोन्ही वेळेला पाणी मागे सरकत असलेला, रुंद, ओल्या घट्ट वाळूचा किनारा मिळतो. पायाला गार, पळायला मोकळा आणि पाणी पाठीमागून वेढा घालील ही भीती नाही.

म्हणून भिंतीवरचे कालनिर्णय काढा आणि पौर्णिमा-अमावास्येनंतर लगेच येणारा शनिवार-रविवार शोधा. एक सावधगिरी मात्र हवी. याच दिवसांत उधाण असते. पाणी फार लांब जाते आणि परत येते तेही जोरात. पालघरचा किनारा इतका सपाट आहे की बोर्डीला ओहोटीत पाणी अर्धा किलोमीटरपर्यंत मागे हटते. त्याच्या मागे मागे आत जाऊ नका. ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचे, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. खाडीच्या तोंडाशी चिखल असतो, तिथे कुत्रा रुततो आणि त्याला काढायला गेलेला माणूसही.

किनारा कोणता निवडावा

पहिल्या सहलीसाठी बोर्डी सगळ्यात सोयीचे. लांबलचक किनारा, कडेने सुरूची झाडे, मागे चिकूच्या वाड्या आणि सुट्टीचा दिवस सोडला तर बेताची गर्दी. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला असल्यामुळे इथे झाडी अजून टिकून आहे. कुत्र्याच्या दृष्टीने याचा अर्थ सावली. केळवे सुंदर आहे, सुरूचे बनही दाट आहे, पण शीतलादेवीच्या देवळामुळे आणि मुंबईहून येणाऱ्या सहलींमुळे शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथे जायचे तर मधल्या वारी. सातपाटी हे मासेमारीचे मोठे बंदर. ते पाहायला जा, पण कुत्र्याला घेऊन नको.

अलिबाग, काशीद, मुरूडला जाणारेही पुष्कळ आहेत. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचा वेळ वाचतो. तरी पुढची मुंबईभोवतालची कोंडी कुत्र्यासाठी त्रासाचीच. पहिल्या खेपेला जवळचाच किनारा बरा.

वेळास, आंजर्ले, दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्राकडे जातात. कुत्रे वाळू उकरून अंडी खातात, पिल्ले पकडतात. गावकऱ्यांनी आणि वनखात्याने वर्षानुवर्षे राखलेली घरटी आपल्या खेळकर कुत्र्याने उकरू नयेत. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे कुत्र्याला नेऊच नका. इतर कोणत्याही किनाऱ्यावर कासव, त्याच्या सरपटण्याच्या खुणा किंवा जाळी लावलेले घरटे दिसले तर कुत्र्याला लगेच दूर घ्या आणि वनखात्याला कळवा.

मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

"कुत्रा चालतो" एवढ्या उत्तरावर आगाऊ पैसे भरू नका. घरगुती मुक्काम देणाऱ्या काका-काकूंशी फोनवर मोकळेपणाने बोला आणि हे विचारा:

- कुत्र्याला खोलीत ठेवता येईल की बाहेर बांधावे लागेल?
- वाडीला चारही बाजूंनी कुंपण आहे का?
- घरात कुत्रा, मांजर, कोंबड्या, गाय आहे का?
- दुपारी वीज गेली तर पंख्याची सोय आहे का?
- शेजारी लग्न, जत्रा किंवा फटाके आहेत का?
- कुत्र्याचे वेगळे पैसे घेणार का, आणि किती?

आपल्या कुत्र्याबद्दलही खरे सांगा: वजन किती, भुंकतो का, कोंबड्यांमागे धावतो का. चादर, ताट, वाटी स्वतःची न्या. देवघर, स्वयंपाकघर, ओटी यांपैकी कुठे कुत्रा चालणार नाही ते आधीच विचारून घ्या आणि मान राखा. 31 डिसेंबरची रात्र टाळा. फटाक्यांना घाबरून परक्या गावात सुटलेला कुत्रा सापडणे फार कठीण असते.

निघण्याआधीचा महिना

डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. रेबीजची लस वेळेत झालेली हवीच, कारण किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते. लेप्टोची लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात, आठवडा उरल्यावर जाऊन उपयोग नाही. गोचिडांसाठी गोळी की मानेवर टाकायचे औषध, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जंताचे औषध कुत्र्याइतकेच मुलांसाठी महत्त्वाचे आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून हुकवर्मची अंडी वाळूत पडतात, ओलसर उबदार वाळूत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग पायावर नागमोडी, खाजणारी रेघ उठते. किनाऱ्यावर आपली मुले अनवाणी खेळतात आणि गावातली माणसे तर रोजच तिथून चालतात.

याच महिन्यात "ये" म्हटल्यावर येण्याची सवय पक्की करा. मैदानात, इतर कुत्रे आसपास असताना, दहा मीटरच्या दोरीवर सराव करा. घरात ऐकणारा कुत्रा लाटांच्या आवाजात ऐकेलच असे नाही.

पिशवीत हे असू द्या: लसीकरणाची वही, महापालिकेचा परवाना असल्यास त्याची प्रत, तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, छातीपट्टा, लांब दोरी, तोंडाची जाळी, नेहमीचे खाणे, पाच-सहा लिटर गोडे पाणी, दोन जुने टॉवेल, गोचीड काढायचा चिमटा, पट्टीचा कापूस आणि विष्ठा उचलायच्या भरपूर पिशव्या.

रस्त्यात

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. तोरंगण घाटाच्या वळणांवर भरल्या पोटी उलटी ठरलेली. गाडी लागत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या. छातीपट्टा सीटबेल्टला अडकवा किंवा पिंजऱ्यात बसवा. खिडकीतून डोके बाहेर काढू देऊ नका. दर दोन तासांनी थांबा. जव्हार हे मधले चांगले ठिकाण: उंचावर, झाडीत, हवा गार. गाव पाहायचे असेल तर एकाने कुत्र्याजवळ राहावे. बंद गाडीत त्याला कधीही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

रेल्वेने जाणाऱ्यांनी एक नियम ध्यानात घ्यावा. कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा तर वातानुकूलित प्रथम वर्ग किंवा प्रथम वर्गात अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. स्लीपर, टू-टायर, थ्री-टायरमध्ये परवानगी नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीत तो एकटा जातो आणि बहुतेक घरच्या कुत्र्यांना ते सोसत नाही.

नाशिककरांच्या डब्यात हमखास असणाऱ्या एका गोष्टीबद्दल विशेष सांगायला हवे. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत. थोड्याशा फळांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. मुलांना सांगून ठेवा, डबा गाडीत उघडा ठेवू नका. चॉकलेट, कांदा-लसणाची आमटी आणि माशाचे काटेही नकोत. चिकूची फोड बी काढून चालेल. शहाळ्याची थोडी मलई चालेल, पण काथ्या चघळू देऊ नका, तो आतड्यात अडकतो.

वाळूवर

उतरण्याआधी हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद वाळूवर टेकवा. तुम्हाला सोसले नाही तर त्याच्या पायालाही सोसणार नाही. पहिल्यांदा लाटांची ओळख त्याच्या कलाने होऊ द्या. उचलून पाण्यात टाकू नका. दोरी सोडू नका. लॅब्रॉडॉरला पोहता येत असले तरी परतीच्या पाण्याची ओढ त्याला कळत नाही.

समुद्राचे पाणी पिणे हा सगळ्यात सहज होणारा अपाय. चेंडू पाण्यात टाकला की प्रत्येक वेळी तोंडात पाणी जाते. थोड्याने जुलाब-उलटी होते, जास्त झाले तर रक्तातले मीठ वाढून झोक जातो, झटके येतात. म्हणून चेंडू ओल्या वाळूवर टाका आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीत गोडे पाणी पाजा. वाळूत लडबडलेली खेळणीही नकोत, गिळलेली वाळू पोटात साचते.

भरतीरेषेवर नजर ठेवा. तिथे मेलेले मासे, फुगणारा विषारी मासा, जेलीफिश, तुटकी जाळी, गळ आणि काचा वाहून येतात. मच्छीमारांच्या जाळ्यांतून टाकलेला समुद्रसापही कधी पडलेला असतो. तो अर्धमेला असला तरी विषारीच. कुत्रा काहीही हुंगायला लागला की आधी दोरी आवळा, मग पाहा.

गावातली माणसे आणि गावातले कुत्रे

किनारा हे मांगेला आणि कोळी बांधवांचे कामाचे ठिकाण आहे. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, पसरलेला जवळा हे कोणाच्या तरी घरचे वर्षाचे उत्पन्न आहे. कुत्र्याने एक तोंड मारले तरी तो माल वाया जातो. अशा जागेपासून लांबून जा. नुकसान झाले तर निघून जाऊ नका, थांबून माफी मागा आणि भरपाई द्या. विष्ठा प्रत्येक वेळी उचला, वाळूत पुरू नका. किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांच्या थव्यांमागे धावू देऊ नका. ते हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि तिथे अन्न टिपत असतात.

गावचे कुत्रे आपली हद्द राखतात. टोळी दिसली तर शांतपणे दिशा बदला. पळू नका, आपल्या कुत्र्याला ओरडत ओढू नका. भांडण जुंपले तर मध्ये हात घालू नका, पाणी मारा किंवा छत्री उघडा. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. आपल्या कुत्र्याला चावा लागला तर त्याची लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

अडचण आली तर

उष्माघाताची लक्षणे: न थांबणारी धाप, गडद लाल जीभ, चिकट लाळ, लटपटणे, उलटी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश असते, ते 41 च्या पुढे गेले तर जीव धोक्यात येतो. आधी तिथेच गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला, गाडीत एसी लावून निघा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. माणसांची क्रोसिन, आयब्रुफेन कधीही देऊ नका, कुत्र्याला ती घातक आहेत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि जवळच्या खासगी डॉक्टरांचा नंबर निघण्याआधीच लिहून घ्या. सरकारी दवाखान्यांचा भर गुरांवर असतो, पण सलाइन आणि प्राथमिक उपचार मिळतात. मोठ्या उपचारासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण ते शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथवर नेण्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून कुत्र्याला सावरून घ्या.

परतल्यावर

रोज किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ, कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि सगळ्या अंगावरून हात फिरवून गोचीड शोधणे, एवढे करा. मीठ अंगावर राहिले की कातडी खाजते. घरी आल्यावरही दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, सुस्ती, खाणे कमी होणे, फिकट हिरड्या, गडद लघवी यांतले काही दिसले तर डॉक्टरांना सांगा की आम्ही किनाऱ्यावर जाऊन आलो. गोचीडताप आणि लेप्टो लवकर ओळखले तर बरे होतात.

इंग्लंडमध्ये अनेक किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते किंवा फक्त सकाळ-संध्याकाळची मुभा असते. तसे फलक लावलेले असतात आणि विष्ठा न उचलणाऱ्याला दंड होतो. वर्षानुवर्षे लोकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा हे नियम झाले. बोर्डी किंवा केळव्याला आज असे फलक सहसा दिसत नाहीत. ग्रामपंचायतीत किंवा मुक्कामाच्या घरी विचारून आपण वाळूवर उतरतो, ते गावकऱ्यांच्या भलेपणावर. घरी निघताना यजमानांना सरळ विचारा: आमच्या कुत्र्याचा काही त्रास झाला का? उत्तर ऐका, पुढच्या वेळी तेवढे सुधारा. तुमच्यानंतर कुत्र्याला घेऊन येणाऱ्या कुटुंबाला त्या घरात जागा मिळेल की नाही, हे तुमच्या दोन दिवसांच्या वागण्यावर ठरणार आहे.